एबीजी रिपोर्ट: कार्बन किती आहे ते सोडा, किती असायला पाहिजे होता ते सांगा

बालाघाटी_डॉक (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री ८:१०

मागच्या धाग्यात एका पोरानं विचारलं होतं की सर एबीजीचा (धमनीतल्या रक्तातला वायू आणि ॲसिड तपासायच्या रिपोर्टचा) कागद हातात आला की डोळ्यापुढं अंधारी येते, एवढे आकडे, सुरुवात कुठून करायची. तिथं दोन ओळीत उत्तर देऊन सुटलो पण मनात राहिलं. आज पाऊस पडायलाय, सगळे पेरणीच्या घाईत म्हणून ओपीडीत माणूस नाही, लाइट गेलेली आहे, फोनला ६० टक्के चार्जिंग आहे तेवढ्यात लिहितो.

मी इंटर्न होतो तेव्हाची गोष्ट, हॉस्पिटल कुठलं ते सोडा. १९ वर्षांची पोरगी, लहानपणापासून शुगर, इन्शुलिन बंद करून कुणाचातरी काढा चालू केलेला, तीन दिवस उलट्या. रात्री दीडला जीपमधून आणली. पीएच ७.११, पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड, आम्ही नुसतं कार्बन म्हणतो) २६, बायकार्ब (ॲसिडला धरणारं बायकार्बोनेट) ८. मी खूश. म्हणलं पाठ केलेलंच आलं: पीएच कमी, बायकार्ब कमी, म्हणजे मेटाबॉलिक ॲसिडोसिस (फुफ्फुसामुळं नाही, दुसऱ्या कारणानं रक्तात ॲसिड वाढणं), आणि कार्बन नॉर्मल ४० चा २६ झालाय म्हणजे फुफ्फुसं त्यांचं काम करायलीत, आता इन्शुलिन लावायचं की झालं. सिस्टरला ड्रिप भरायला सांगून पण टाकलं.

तेवढ्यात आमचे भूलतज्ज्ञ सर चहाला निघाले होते ते थांबले. कागद आधी बघितलाच नाही त्यांनी. पोरीच्या पायाशी उभे राहून घड्याळ लावून मिनिटभर छाती बघितली. मग विचारलं, बायकार्ब आठ, तर कार्बन किती पाहिजे? मी गप्प. सर म्हणले, दिडकी येते का? आठ दिडे बारा, बारा न आठ वीस. वीस पाहिजे होता, सव्वीस कामून?

तिथं माझी ट्यूब पेटली. ४० च्या मानानं २६ कमी आहे, पण तिला पाहिजे त्या मानानं जास्त आहे. म्हणजे दुसरं काहीतरी श्वास अडवायलंय. पोरगी दमत चालली होती. संध्याकाळी आईच्या शब्दात “भात्यासारखा” चाललेला श्वास आता उथळ झाला होता आणि मी त्याला “सेटल झाली” म्हणत होतो. पोटॅशियम आलं २.७. उलट्या आणि लघवीतून सगळं निघून गेलेलं, श्वासाचे स्नायूच लुळे पडायलेले. त्यात मी इन्शुलिन लावलं असतं तर इन्शुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, होतं ते पण रक्तातून गेलं असतं आणि हार्ट थांबलं असतं. सरांनी ड्रिप काढायला लावली. आधी सलाइन आणि पोटॅशियम, ते ३.३ च्या वर गेल्यावर मग इन्शुलिन. पोरगी वाचली. पुढं तिच्या लग्नाची पत्रिका आली मला.

तर माझं म्हणणं एवढंच की एबीजीत छापलेले आकडे अर्धेच असतात, उरलेले अर्धे आपण काढायचे असतात. सरांची ती दिडकी म्हणजे विंटर्सचा फॉर्म्युला, १९६७ चा. बायकार्बची दीडपट अधिक ८, दोन इकडं दोन तिकडं. मेटाबॉलिक ॲसिडोसिस असला की कार्बन तेवढा असला पाहिजे. त्याच्या वर असला तर फुफ्फुस कमी पडायलंय, खाली असला तर फुफ्फुस स्वतःच्या कारणानं पण जादा पळायलंय, उदाहरणार्थ सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं), नाहीतर ॲस्पिरिनची विषबाधा.

बाकीचे हिशोब उद्या लिहितो, चार्जिंग संपत आली.

---

नवखा_इंटर्न · रात्री ८:३४

सर तो “एक पोरगा” मीच होतो 😅 दिडकी म्हणजे काय पण? आम्ही सीबीएसई.

गोदाकाठची_सिस्टर · रात्री ८:४१

अरे बाळा दिडकी म्हणजे दीडचा पाढा. एक दिडे दीड, दोन दिडे तीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. माझ्या आजोबांना औटकीपर्यंत यायचं, साडेतीनचा पाढा. बाजारात ज्वारीचा हिशोब तोंडी करायचे.

नवखा_इंटर्न · रात्री ८:४४

साडेतीनचा पण?? तो क्रॉनिक रेस्पिरेटरी ॲसिडोसिसला (फुफ्फुसाच्या जुन्या दुखण्यानं कार्बन साठतो त्याला) लागतो की सिस्टर. कार्बन १० वाढला की बायकार्ब साडेतीन ते चार वाढतं.

बालाघाटी_डॉक · रात्री ८:४६

हे घ्या. आजोबांची औटकी कामी आली. पोरा तुला येतं सगळं, उगीच घाबरतोस.

खडकाळ_रान · रात्री ९:०२

डॉक्टरसाहेब मी शेतकरी माणूस, तरी वाचलं. पीएच म्हणलं की आम्हाला माती परीक्षण आठवतं. आमचं रान चुनखडीचं, परभणीच्या विद्यापीठाच्या माणसानं तपासून सांगितलं पीएच ८ च्या वर, भुईमूग पिवळा पडतो लोह मिळत नाही म्हणून. मी दोन वर्षं गंधक टाकलं, पीएच हलायला तयार नाही. ते साहेब म्हणले चुना जेवढं ॲसिड येईल तेवढं खाऊन टाकतो, चुना संपल्याशिवाय पीएच खाली येत नाही. रक्ताचं पण असंच असतं का? आणि मग तुमचा ७.४ चा ७.११ कसा झाला एवढ्या लवकर?

बालाघाटी_डॉक · रात्री ९:२०

दादा एमबीबीएसच्या पोरांनी पण असा प्रश्न विचारला नाही मला. (लाइट आली.)

असंच असतं. तुमच्या रानात जे काम चुना करतो ते रक्तात बायकार्बोनेट करतं. ॲसिड आलं की बायकार्ब त्याला धरतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. फरक असा की रानात चुना संपला की संपला. शरीराला मात्र दोन दरवाजे आहेत. तयार झालेला कार्बन फुफ्फुसातून उडून जातो, हे मिनिटात सुरू होतं. आणि खर्च झालेलं बायकार्ब किडनी परत बनवून देते, ॲसिड लघवीत टाकते, पण ती आपल्या तलाठ्यासारखी, तिला तीन ते पाच दिवस लागतात. पीएच ठरतो तो या दोघांच्या प्रमाणावर. किडनीकडं बायकार्ब, फुफ्फुसाकडं रक्तात विरघळलेला कार्बन, दोन्ही एकाच मापात धरले तर नॉर्मलला वीसास एक. एक बाजू घसरली की दुसरी बाजू त्याच दिशेला घसरते, म्हणजे प्रमाण लै बिघडू नये. बायकार्ब खाली गेलं की कार्बन पण खाली. कार्बन वर गेला की बायकार्ब पण वर. हेच ते कॉम्पेन्सेशन, बाकी काही जादू नाही.

त्या पोरीच्या अंगात ॲसिड इतकं तयार होत होतं की चुना पुरला नाही, बायकार्ब २४ चं ८ वर आलं. आणि तुमच्या चुन्याचं पुढचं सांगू का, किडनीचे जुने पेशंट असतात ना, वर्षानुवर्षं ॲसिड साठलेलं, त्यांचं शरीर शेवटी हाडातला चुना काढून वापरतं. हाडं ठिसूळ व्हायला बाकीची कारणं आहेतच, त्यात हे एक.

खडकाळ_रान · रात्री ९:२६

अरे बापरे. म्हणजे हाडं म्हणजे आमचं रानच की.

हेल्दी_लाइफ_७८६ · रात्री ९:४०

म्हणूनच सांगतो सगळ्यांनी अल्कलाइन वॉटर प्यावं, शरीर ॲसिडिक झालं की सगळे आजार. आमच्याकडं मशीन आहे, पाण्याचा पीएच ९.५, इच्छुकांनी मेसेज करा.

लॅबवाला_जालना · रात्री ९:४८

आलं हे. अरे भाऊ ते पाणी पोटात गेल्यावर तिथं पीएच दीड-दोनचं ॲसिड बसलेलंय, तुझं ९.५ घोटभरात संपलं. अंगात दिवसाला साधारण १५,००० मिलिमोल कार्बन तयार होतो आणि माणूस झोपेत पण तो बाहेर टाकतो, त्याच्यापुढं तुझं मशीन काय. लघवीचा पीएच ४.५ पासून ८ पर्यंत हलतो, तो हलतो म्हणूनच रक्ताचा हलत नाही. आणि पित्त झालं, छातीत जळजळ झाली म्हणजे रक्त ॲसिडिक झालं असं नसतं, ते पोटातलं, हे रक्तातलं, दोन्ही वेगळं. ॲडमिन बघा याच्याकडं.

औशाचा_पोऱ्या · रात्री १०:५५

नमस्कार, मी मेडिकल लाइनचा नाही, धागा बघितला म्हणून विचारतो. आमच्या आबांना सीओपीडी (श्वासनळ्या आकसायचा जुना आजार) आहे, आयुष्यभर बिडी, वय ७१. मार्चमधे लातूरला दाखवलं तेव्हाचा रिपोर्ट असा: पीएच ७.३५, पीसीओटू ६०, बायकार्ब ३२. गावातल्या मेडिकलवाल्यानं बघून सांगितलं अल्कली वाढलीय, लिंबूपाणी द्या. घरी ऑक्सिजनचं सिलेंडर आणून ठेवलंय. दोन दिवसापासून खोकला वाढलाय, आज दम जास्त लागलाय म्हणून सिलेंडर ६ वर केला, आता सॅच्युरेशन ९९ दाखवतंय आणि आबा शांत झोपलेत. तर ते बायकार्ब कमी करायला काही गोळी असते का?

बालाघाटी_डॉक · रात्री १०:५८

थांब. आबा झोपलेत का उठवल्यावर उठत नाहीत? आत्ता जाऊन हाक मारून बघ.

औशाचा_पोऱ्या · रात्री ११:०३

हाक मारली तर डोळे उघडतात परत मिटतात. मला ओळखलं नाही, माझ्या चुलत्याचं नाव घेतलं. हात थरथर करायलाय.

बालाघाटी_डॉक · रात्री ११:०५

बायकार्ब विसर. त्यांच्या अंगात कार्बन साठलाय, ती झोप कार्बनची गुंगी आहे. सिलेंडर एकदम बंद करू नको, ती पण चूक होईल. फ्लो १-२ लिटरवर आण, बोटाला मशीन लावूनच ठेव, सॅच्युरेशन ८८ ते ९२ मधे राहील एवढाच ऑक्सिजन. त्याच्या खाली गेलं तर थोडा वाढव. आणि १०८ ला फोन कर, नाहीतर गाडी काढ, बायपॅप (मास्कमधून श्वास द्यायचं मशीन) असलेल्या ठिकाणी ने. मार्चचा रिपोर्ट बरोबर घे, तिथल्या डॉक्टरच्या हातात दे, तो लै महत्त्वाचा आहे. इथं टाइप करत बसू नको.

औशाचा_पोऱ्या · रात्री ११:०७

निघालो.

गोदाकाठची_सिस्टर · रात्री ११:३०

देव करो पोचू दे. आमच्या वॉर्डात दर हिवाळ्यात चार-पाच असे येतात. घरचे म्हणतात ऑक्सिजन लावल्यावर छान झोप लागली. त्या झोपेचीच भीती वाटते.

जुना_भूलवाला · रात्री ११:५२

वाचतोय. वय झालं, हात थांबले, वाचायची सवय राहिली. आबांच्या रिपोर्टमधे त्या मेडिकलवाल्याला लै दोष देऊ नका, हीच चूक युरोपातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी केलेली आहे. १९५२ साली कोपनहेगनमधे पोलिओची साथ आली होती. श्वासाचे स्नायू गेलेली पोरं पटापट मरत होती. त्यांच्या रक्तातला एकूण कार्बन डायऑक्साइड, ज्याच्यात बायकार्बच जास्त असतं, तो वाढलेला दिसायचा आणि तिथले डॉक्टर म्हणत होते ही काहीतरी गूढ अल्कलोसिस (रक्तात अल्कली वाढणं) आहे. ब्योर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं सांगितलं, अल्कलोसिस नाही, पोरं श्वास सोडू शकत नाहीत म्हणून कार्बन साठलाय, बायकार्ब त्याच्या मागं वाढलंय. पॉल ॲस्ट्रप लॅबला होते, त्यांनी पीएच मोजला, निघाला ॲसिडिक. मग गळ्याला भोक पाडून नळी टाकून हातानं पिशवी दाबून श्वास द्यायला सुरुवात झाली. मशीन पुरत नव्हत्या म्हणून सुमारे दीड हजार मेडिकलचे विद्यार्थी पाळीनं बसून पिशव्या दाबत होते. आजचं आयसीयू तिथून निघालं, आणि रोजचा हा एबीजी पण तिथूनच.

मुद्दा असा की नुसतं बायकार्ब बघितलं की ते वाढलंय स्वतःच्या कारणानं का कार्बनच्या मागं, हे कळत नाही. पीएच कुणाच्या बाजूनं झुकलाय ते आधी बघायचं. आबांचा पीएच ७.३५, ॲसिडकडं झुकलेला, म्हणजे मूळ दुखणं कार्बन. बायकार्ब बिचारं मदतीला आलेलं.

---

लॅबवाला_जालना · शनिवार, सकाळी ७:१५

मी टेक्निशियन माणूस, डॉक्टर लोकांना एकच विनंती, अर्थ काढायच्या आधी सॅम्पल बरं होतं का ते विचारा. मे महिन्यात आमच्याकडं तालुक्याहून मोटरसायकलवर डिकीत ठेवून सॅम्पल आलं होतं, बाहेर ४३ डिग्री, वर्तमानपत्रात गुंडाळलेली सिरिंज. दोन तास झालेले. पेशी जिवंत असतात, त्या सिरिंजमधे पण साखर खातात, ऑक्सिजन संपवतात, कार्बन आणि ॲसिड सोडतात. पीएच कमी, कार्बन जास्त, ऑक्सिजन कमी, डॉक्टर म्हणतो पेशंट गेला आणि पेशंट तिकडं भजे खायलाय. अर्ध्या तासात लावा, नाही जमलं तर बर्फाच्या पाण्यात. हवेचा बुडबुडा राहिला की कार्बन खोटा कमी येतो. सिरिंजमधे हेपॅरिन (रक्त गोठू नये म्हणून घालतात ते औषध) बदाबद ओतलं की रक्त पातळ होऊन बायकार्ब आणि कार्बन दोन्ही कमी येतात आणि हुबेहूब मेटाबॉलिक ॲसिडोसिससारखं दिसतं. याच्यामुळं किती लोकांना उगीच सोडाबायकार्ब टोचलंय देव जाणे.

आणि एक पडताळा ठेवा. कार्बनला २४ ने गुणा, बायकार्बने भागा. जे येईल ते हायड्रोजन आयन, म्हणजे रक्तातलं ॲसिडच, नॅनोमोलमधे. पीएच ७.४० ला तो ४० असतो. ७.३० ते ७.५० च्या मधे ८० मधून पीएचचे शेवटचे दोन आकडे वजा केले की जवळपास तेवढंच येतं. औशाच्या आबांचं घ्या: २४ गुणिले ६० भागिले ३२, आलं ४५. आणि ८० वजा ३५ पण ४५. जुळलं. नाही जुळलं तर रिपोर्ट टाइप करताना चूक झालीय, सरळ परत पाठवा, राग येत नाही आम्हाला.

नवखा_इंटर्न · सकाळी ७:४०

हे कुणीच शिकवलं नव्हतं. मी सरांच्या पोरीचं काढलं, २४ गुणिले २६ भागिले ८ म्हणजे ७८. पण ८० वजा ११ येतं ६९. जुळत नाही?

लॅबवाला_जालना · सकाळी ७:४४

७.११ एवढ्या खाली ती वजाबाकीची युक्ती चालत नाही, तिथं तक्ता बघायचा. ७.११ ला ७८ च येतो. सरांचा रिपोर्ट बरोबर होता, सरच चुकले होते 😄

बालाघाटी_डॉक · सकाळी ९:३०

मान्य.

आता राहिलेलं लिहितो. मेटाबॉलिक ॲसिडोसिस दिसला की ॲनियन गॅप काढल्याशिवाय पुढं जायचं नाही. सोडियममधून क्लोराइड आणि बायकार्ब वजा. साधारण ८ ते १२ येतो. पोरीचं सोडियम १३४, क्लोराइड १००, बायकार्ब ८, गॅप २६. म्हणजे बाहेरचं कुठलंतरी ॲसिड घरात घुसलंय. चार घरं तपासायची: लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की होणारं ॲसिड), किटोन (इन्शुलिन नसलं की चरबी जळून होणारं ॲसिड), किडनी, विष. आपल्याकडं विषाचं घर कधीच विसरू नका. शेतातली औषधं असतात, बनावट दारूतलं मिथेनॉल असतं, दारू पिल्यावर दुसऱ्या दिवशी “डोळ्यापुढं धुकं आलंय” म्हणणारा माणूस आणि मोठा गॅप म्हणजे धावपळ करायची वेळ. इंग्रजी मडपाइल्स (ही कारणं लक्षात ठेवायचा अक्षरांचा शब्द) पाठ असेल तर उत्तमच, मला कधी पूर्ण आठवलं नाही.

गॅप नॉर्मल असून बायकार्ब कमी, तर बायकार्ब कुठूनतरी वाहून गेलंय. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यानं जे ढाळ लागतात त्यात हेच होतं, नाहीतर किडनीच्या नळ्यांचा दोष. आणि कुपोषित माणसाचा अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) बघा. ४ च्या खाली दर एक ग्रॅमला गॅपमधे अडीच मिळवायचे. ऊसतोडीवरून आलेल्या एका बाईचा अल्ब्युमिन २ होता, गॅप दिसायला १२, नॉर्मल वाटला, खरा १७ निघाला. लॅक्टेट वाढलेलं होतं.

गोदाकाठची_सिस्टर · सकाळी ९:५२

डॉक्टर, ढाळ आणि उलटी दोन्ही असेल तर? ढाळेतून बायकार्ब जातं, उलटीतून ॲसिड जातं, मग तर बरोबरी होऊन रिपोर्ट नॉर्मल यायचा.

बालाघाटी_डॉक · सकाळी १०:१०

येतोच तसा. म्हणून नॉर्मल पीएच बघून कुणाला घरी पाठवायचं नाही. त्याच्यापेक्षा वाईट ऐका: शुगरवाला माणूस, किटोन झालेले, वरून भरपूर उलट्या. पीएच ७.४०, कार्बन ४०, बायकार्ब २४, एकदम पुस्तकातला निरोगी माणूस. पण सोडियम १४०, क्लोराइड ९०. गॅप किती झाला काढा. २६. किटोननं बायकार्ब खाली ओढलं, उलट्यांनी तेवढंच वर ढकललं. दोन दुखणी एकमेकांच्या आडोशाला लपून बसलेली, फक्त गॅपनं चुगली केली.

नियम असा धरा की कॉम्पेन्सेशन पीएचला नॉर्मलच्या जवळ आणतं, पण पूर्ण नॉर्मल कधीच करत नाही. कार्बन आणि बायकार्ब दोन्ही हललेत आणि पीएच मात्र मधोमध ७.४०, तर समजायचं दोन चोर आहेत.

जुना_भूलवाला · सकाळी १०:३८

“कधीच” म्हणू नका डॉक. जुनी रेस्पिरेटरी अल्कलोसिस (जादा श्वासानं कार्बन उतरून होणारी) नॉर्मलपर्यंत जाते. गरोदर बाईचं बघा, प्रोजेस्टेरॉनमुळं श्वास वाढलेला असतो, कार्बन ३० च्या आसपास, बायकार्ब २०, पीएच ७.४४. किडनीनं सगळी भरपाई केलेली. कार्बन १० कमी झाला की लगेच बायकार्ब २ ने उतरतं, दिवस गेले की ४ ते ५ ने.

बालाघाटी_डॉक · सकाळी १०:४१

सर बरोबर, चुकलो. तेवढा एक अपवाद.

गोदाकाठची_सिस्टर · सकाळी १०:५५

याच्यावरून आठवलं. लेबर रूमला असताना आठव्या महिन्याची दमेकरी बाई आली होती, कार्बन ४०. नवीन डॉक्टर म्हणले नॉर्मल आहे. मॅडम आल्या आणि ओरडल्या, हिचा ३० पाहिजे, ४० म्हणजे ही दमली. काल वाचताना वाटलं अरे ही तर तीच गोष्ट.

दुसरं एक लिहायचंच होतं. गावाकडून पोरी आणतात, श्वास जोरात, हाताची बोटं आखडलेली, तोंडाभोवती मुंग्या. कुणी म्हणतं अंगात आलं, कुणी म्हणतं भानामती. बऱ्याचदा टेन्शननं श्वास वाढून कार्बन उतरलेला असतो, पीएच वर जातो, मग रक्तातलं मोकळं कॅल्शियम अल्ब्युमिनला चिकटतं म्हणून बोटं आखडतात. शांत बसवलं की सुटतात. पण मी आधी बोटाला सुई टोचून शुगर बघते. डॉक्टरांच्या त्या पोरीला पण कुणीतरी आधी “टेन्शन” म्हणूनच ठेवलं असणार.

बालाघाटी_डॉक · सकाळी ११:०४

ठेवलं होतं सिस्टर. एक पूर्ण दिवस. सासरी जायचं नाही म्हणून नाटक करायलीय म्हणे. लग्न तर तेव्हा झालं पण नव्हतं, नुसती सोयरीक झालेली.

जुना_भूलवाला · दुपारी १२:२०

त्या पोरीचा तो भात्यासारखा खोल श्वास कुसमाऊल नावाच्या जर्मन डॉक्टरनं १८७४ मधे लिहून ठेवला, शुगरच्या बेशुद्ध पेशंटमधे. फोकलीचा श्वास औषध आहे, लक्षण म्हणून बघायचंच पण काढून घ्यायचं नाही. मी स्वतः बघितलंय, अशा पेशंटला दम लागला म्हणून गुंगी देऊन नळी टाकली आणि व्हेंटिलेटरवर रेट ठेवला १४. पेशंट स्वतः मिनिटाला ३६ घेत होता. कार्बन २० चा ४० झाला, बायकार्ब तेवढंच ८, पीएच ७ च्या खाली, दहा मिनिटात हार्ट थांबलं. नळी टाकायची वेळ आलीच तर पेशंट जेवढा श्वास घेत होता तेवढा मशीननं दिला पाहिजे. आणि सोडाबायकार्बचं पण तेच, त्याचा शेवटी कार्बनच होतो, तो बाहेर टाकायला फुफ्फुसात दम नसेल तर आगीत तेल. शुगरच्या किटोनमधे पीएच ६.९ च्या खाली गेल्याशिवाय त्याचा विचार सहसा करत नाहीत.

(फोकलीचा लिहिलं त्याबद्दल माफी, जुनी जखम आहे.)

औशाचा_पोऱ्या · दुपारी ३:१५

सगळ्यांना नमस्कार. रात्री एकला लातूरला पोचलो. आत्ता टाइम मिळाला. आल्याबरोबर काढलेला रिपोर्ट: पीएच ७.२४, पीसीओटू ८४, बायकार्ब ३५. लगेच तोंडाला घट्ट मास्क लावून मशीन लावलं, बायपॅप. सकाळी ९ चा रिपोर्ट: ७.३४, ६३, ३३. डॉक्टर म्हणले मार्चचा कागद आणला ते लै बरं केलं. पण ६३ तर अजून पण लै जास्त आहे ना? पूर्ण ४० पर्यंत कामून आणत नाहीत?

बालाघाटी_डॉक · दुपारी ३:२८

वा रे पठ्ठ्या. जीव भांड्यात पडला.

आबांचं नॉर्मल ४० नाही, ६० आहे. मार्चमधे ते ६० वर हिंडत-फिरत होते. त्यांच्या किडनीनं त्या ६० च्या हिशोबानं ३२ बायकार्ब साठवलंय. कार्बन २० वाढलेला, औटकीनं सात, चारनं आठ, २४ अधिक ७-८ म्हणजे ३१-३२. मार्चचा रिपोर्ट अगदी जागेवर होता, म्हणजे जुनं दुखणं, भरपाई पूर्ण. काल रात्री कार्बन ६० चा ८४ झाला, २४ ने वाढला, आणि बायकार्ब फक्त ३ ने वाढलं. कारण किडनीला वेळच मिळाला नाही, अचानक वाढीत दहाला एवढंच, साधारण एक. म्हणून पीएच ७.२४ ला पडला. मार्चचा कागद नसता तर जुनं किती आणि नवं किती हे सांगता आलं नसतं.

आणि मशीन जोरात लावून कार्बन ४० वर आणला असता तर बायकार्ब ३३ तसंच राहिलं असतं. लॅबवाले भाऊचा पडताळा लाव: २४ गुणिले ४० भागिले ३३, आलं २९. म्हणजे पीएच ७.५४ च्या आसपास, उलट्या बाजूला गेलो असतो, झटके येऊ शकतात, हार्टचे ठोके बिघडू शकतात.

आबांना पायावर सूज म्हणून पाण्याची गोळी चालू आहे का?

औशाचा_पोऱ्या · दुपारी ३:३३

हो, सकाळी एक. कामून?

बालाघाटी_डॉक · दुपारी ३:३९

ती तिथल्या डॉक्टरांना सांगून ठेव, स्वतः बंद करू नको. ती गोळी वाढली की क्लोराइड आणि पोटॅशियम लघवीतून जातं आणि बायकार्ब आणखी वर चढतं. मग कार्बन ६०, बायकार्ब ३८, पीएच ७.४२ असा गोडगोड रिपोर्ट येतो आणि घरचे म्हणतात पीएच सुधारला. प्रत्यक्षात ६० ला ३२ पाहिजे होतं, ३८ म्हणजे गोळीनं केलेली अल्कलोसिस वरून बसली. त्यानं श्वासाची ओढ पण मंदावते. आपल्याकडं बीड-लातूरला हे मिश्रण मी महिन्याला एकदा तरी बघतो.

नवखा_इंटर्न · संध्याकाळी ६:५०

सर मग मेटाबॉलिक अल्कलोसिसला दिडकीसारखं काही? म्हणजे नुसत्या उलट्यांचा पेशंट असला तर.

जुना_भूलवाला · संध्याकाळी ७:१०

बायकार्बला ०.७ ने गुणून २० मिळवा, पाच इकडं तिकडं. बायकार्ब ४० तर कार्बन ४८ च्या आसपास. पण हा हिशोब दिडकीएवढा पक्का नाही, कारण श्वास कमी करायला शरीराला मर्यादा आहे, ऑक्सिजन पडायला लागला की मेंदू परत श्वास वाढवतो. आणि उपचार सलाइन आणि पोटॅशियम, उलट्यांच्या अल्कलोसिसला क्लोराइड मिळालं की किडनी बायकार्ब सोडून देते.

खडकाळ_रान · रात्री ८:०५

मी दोन दिवस वाचायलोय. बायकोला म्हणलं गंधक बंद, चुना संपायला माझा जन्म पुरणार नाही. आबा कसे आहेत पण?

औशाचा_पोऱ्या · रात्री ८:४०

शुद्धीत. सॅच्युरेशन ९० वर ठेवलंय, मी सिस्टरला तीनदा विचारलं वाढवायचं का, ती म्हणली दादा तुम्ही बसा. मला ओळखलं. चहा मागायलेत. आणि हळूच बिडी पण मागायलेत.

बालाघाटी_डॉक · रात्री ८:४२

चहा द्या.